‘हुबेहूब’ म्हणजे किती? वैमानिकांच्या चामडी जॅकेटांच्या प्रतिकृतींची जाहिरात कशी असावी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना मिळणाऱ्या ए-2 जॅकेटाच्या आत, मानेशी, कापडाची एक लहानशी चिठ्ठी शिवलेली असे. जॅकेटाचा प्रकार, 30-1415 हा आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक, शिवणाऱ्या कंपनीचे नाव आणि ही वस्तू लष्कराची मालमत्ता असल्याचा उल्लेख, एवढाच मजकूर तिच्यावर असे. त्यात विशेषण एकही नसे. आज याच जॅकेटाच्या प्रतिकृती विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचल्या, तर मात्र ‘अस्सल’, ‘हुबेहूब’, ‘लष्करी दर्जाचे’ अशा विशेषणांची रांग लागते आणि त्या चिठ्ठीवर असलेली माहिती नेमकी गाळलेली असते. माझ्या मते, या मालाची जाहिरात कशी असावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या जुन्या चिठ्ठीतच आहे.

आधी हा व्यवसाय काय आहे ते पाहू. अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने ए-2 हा नमुना 1931 मध्ये स्वीकारला. त्याआधीच्या ए-1 जॅकेटाला बटणे आणि विणलेली कॉलर होती; ए-2 ला चेन आणि चामड्याची कॉलर आली. युद्धाच्या भरात ही जॅकेटे फार मोठ्या संख्येने शिवली गेली. पुढे 1943 मध्ये लष्कराने चामड्याची नवी मागणी थांबवली आणि बी-10 या कापडी जॅकेटाकडे मोर्चा वळवला. वैमानिक घरी परतले आणि त्यांच्याबरोबर जॅकेटेही गेली. काही कपाटात राहिली, काही शेतावर वापरून फाटली आणि उरलेली संग्राहकांच्या हाती पडली. ऐंशी वर्षांचे कातडे रोज अंगावर घालता येत नाही, कारण शिवण उसवते आणि काखेत कातडे चिरते. म्हणून मूळ जॅकेट समोर ठेवून, त्याचे साचे काढून, नवे शिवणारे कारागीर निर्माण झाले. ब्रिटनमधील ईस्टमन लेदर क्लोदिंग, जपानमधील द रिअल मॅककॉइज आणि टोयो एंटरप्रायझेसच्या बझ रिक्सन्स या नावाखाली निघणारा माल ही त्यातली ठळक नावे. उत्तम प्रतिकृतीला हजार डॉलर आणि त्याहून अधिक पडतात, आणि ती घेणारा माणूस बहुधा दुकानापासून हजारो किलोमीटरवर असतो. कातड्याला हात लावून पाहण्याची त्याला सोय नसते, त्यामुळे जाहिरातीतील प्रत्येक शब्द त्याला हाताच्या जागी वापरावा लागतो.

जाहिरातीने पहिल्या ओळीतच सांगायला हवे ते हे, की प्रतिकृती नेमकी कशाची आहे. ‘ए-2 ची’ हे उत्तर पुरेसे नाही. लष्कराने आराखडा आणि अटी ठरवून दिल्या होत्या, परंतु कापणी आणि शिलाई वेगवेगळ्या खासगी कंपन्यांकडे होती. न्यूयॉर्क राज्यातील बीकन गावची एअरो लेदर, पेनसिल्व्हेनियातील मिडलटाऊनची रफ वेअर, न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, शिकागोची जे. ए. डुबो आणि बॉस्टनची केबल रेनकोट, अशी ती नावे होती. (युद्धाच्या गरजेपुढे रेनकोटवाल्यालाही वैमानिकांची चामडी जॅकेटे शिवावी लागली, हे त्या शेवटच्या नावातच लिहिलेले आहे.) प्रत्येक कंपनीने साचे आपल्या पद्धतीने काढले. त्यामुळे एकीची कॉलर लांब आणि टोकदार आहे, दुसरीची आखूड आणि गोलसर आहे. खिशांच्या झाकणांचे आकार वेगळे आहेत, खांद्यावरच्या पट्ट्यांची शिवण वेगळी आहे. एकाच कंपनीच्या दोन कंत्राटांतही फरक सापडतात. ज्याने ही जॅकेटे जवळून पाहिली आहेत, तो कॉलरवरून कंपनी ओळखतो. मग ‘हुबेहूब ए-2’ या शब्दांना अर्थ काय उरतो? हे म्हणजे ‘हुबेहूब नऊवारी’ म्हणण्यासारखे झाले. कुठली, कुठल्या विणीची, कुठल्या काळातली, हे सांगितल्याशिवाय ‘हुबेहूब’ या शब्दाला धरायला जागाच नाही.

याउलट ‘रफ वेअर कंपनीच्या 1942 सालच्या, 27752 क्रमांकाच्या कंत्राटावरून’ असे लिहिले, की दावा तपासता येतो. वाचक मूळ जॅकेटाची छायाचित्रे शोधू शकतो, कॉलर ताडून पाहू शकतो आणि चूक दाखवूही शकतो. काही विक्रेत्यांना हीच भीती वाटते. परंतु या छंदातला ग्राहक चिकित्सक असतो. मोघम लिहिणाऱ्याला तो आधीच बाजूला काढतो.

याच ठिकाणी एका लोकप्रिय शब्दाबद्दल बोलले पाहिजे, तो म्हणजे ‘बॉम्बर जॅकेट’. आपल्याकडे धारावीच्या चामड्याच्या दुकानांपासून मोठ्या मॉलपर्यंत कमरेशी पट्टा असलेल्या कोणत्याही आखूड जॅकेटाला हे नाव चालते आणि बाजारभाषा म्हणून त्याला माझी हरकत नाही. मात्र ए-2 हे हलके जॅकेट होते आणि ते लढाऊ तसेच बॉम्बफेकी अशा दोन्ही विमानांवरची माणसे घालत. बॉम्बफेकी विमानांत उंचावरच्या कडाक्याच्या थंडीसाठी होते ते मेंढीच्या केसाळ कातड्याचे जाड बी-3. नौदलाचे जी-1 आणखी वेगळे. ते बकऱ्याच्या कातड्याचे, केसाळ कॉलरचे आणि हात हलवायला सोपे जावे म्हणून पाठीला चुण्या असलेले. ब्रिटिश हवाई दलाचे अर्विन जॅकेटही मेंढीच्या कातड्याचे. प्रतिकृती विकणाऱ्याने लोक शोधतात म्हणून ‘बॉम्बर’ हा शब्द कुठेतरी वापरला तरी चालेल, पण वस्तूचे नाव म्हणून त्याने खरे नावच द्यावे.

इतिहासाचा आधार घेताना सर्वांत जास्त घसरण होते. एक काल्पनिक पण अगदी नेहमीच्या धाटणीचे वाक्य घ्या: ‘पर्ल हार्बरच्या सकाळी आमच्या वैमानिकांनी जे जॅकेट घातले होते, तेच आज तुमच्यासाठी.’ पर्ल हार्बरवरचा हल्ला 7 डिसेंबर 1941 चा. विकायला ठेवलेली प्रतिकृती 1942 मध्ये दिलेल्या कंत्राटाची असेल, तर त्या सकाळी ते जॅकेट शिवलेलेच नव्हते. कंत्राटाचा क्रमांक माहीत असलेल्या ग्राहकाला ही चूक एका मिनिटात दिसते, आणि मग बाकीच्या मजकुरावरचा त्याचा विश्वासही उडतो. तसेच 18 एप्रिल 1942 रोजी जिमी डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली 16 विमानांनी जपानवर केलेल्या हल्ल्याचे. त्या मोहिमेतील 80 जणांपैकी कोणाच्या अंगावर कोणत्या कंपनीचे जॅकेट होते, हे छायाचित्रावरून किंवा जपून ठेवलेल्या जॅकेटावरून दाखवता येत असेल तर जरूर लिहावे. नाहीतर ‘त्या काळात या प्रकारची जॅकेटे वापरात होती’ इतके खरे वाक्य पुरेसे आहे. पराक्रम त्या माणसांचा होता. कातड्याला तो आपोआप चिकटत नाही, आणि मेलेल्या माणसाला ‘हे माझे नव्हे’ असे सांगायला येता येत नाही.

आता कातड्याकडे वळू, कारण किमतीचा मोठा भाग तिथेच असतो आणि शब्दांची धूळफेकही तिथेच अधिक होते. ए-2 साठी मुळात घोड्याचे कातडे ठरवले होते. युद्धकाळातील काही जॅकेटे बकऱ्याच्या आणि गाईच्या कातड्याचीही निघाली. जाहिरातीत कमीत कमी चार गोष्टी हव्यात: जनावर कोणते, कातडे कसे कमावले, जाडी किती मिलिमीटर, आणि वरचा थर कसा रंगवला. यांपैकी कमावण्याचा मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावणे सोपे आहे. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवून कमावतात. ही वनस्पतिजन्य कमावणी. असे कातडे सुरुवातीला ताठ असते, अंगाच्या वळणाप्रमाणे हळूहळू बसते, त्यावर सुरकुत्या ठसठशीत उमटतात आणि वापराने रंग गहिरा होत जातो. क्रोमच्या क्षारांनी केलेली कमावणी खूप लवकर होते. ते कातडे मऊ राहते आणि पाण्याला अधिक दाद देत नाही. दोन्हींपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे काही नाही. पण पहिल्या दिवशी पुठ्ठ्यासारखे वाटणारे जॅकेट घरी आल्यावर ग्राहकाला धक्का बसू नये, एवढी जबाबदारी जाहिरातीची आहे. ‘पहिले काही महिने बाही दुमडताना जोर लागेल’ असे स्पष्ट लिहिणारा विक्रेता माल परत येण्याची कटकटही वाचवतो.

‘जेन्युइन लेदर’ हा शब्दप्रयोग तर मी प्रतिकृतींच्या जाहिरातीतून हद्दपारच केला असता. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की वस्तू कातड्याची आहे. कातड्याचे आडवे थर काढून खालच्या थरावर रंगाचा जाड लेप दिला आणि त्यावर पोत दाबून उमटवला, तरी विकणारा त्याला हेच नाव देतो. ग्राहकाला कळायला हवे ते हे, की कातड्याची मूळ वरची बाजू शाबूत आहे, की ती घासून गुळगुळीत केली आहे. घोड्याच्या मानेवरची रेघ, काटेरी तारेने पडलेला जुना ओरखडा, पोटाकडचा सैल पोत, या गोष्टी चांगल्या कातड्यावरही दिसतात. त्या दोष म्हणून लपवू नयेत आणि ‘वैशिष्ट्य’ म्हणून त्यांची आरतीही ओवाळू नये. छायाचित्रात दिसतील असे ठेवावे, म्हणजे झाले.

कुठलीही प्रतिकृती शंभर टक्के मुळाबरहुकूम नसते, आणि जाहिरातीतला सर्वांत उपयोगी परिच्छेद म्हणजे काय बदलले आहे याचा. मूळ ए-2 ला हात ऊब घ्यायला घालता येतील असे बाजूचे खिसे नव्हते. आज अनेकांना ते हवे असतात. मूळ जॅकेटाची पाठ एकाच अखंड तुकड्याची होती. स्वस्त जॅकेटात लहान कातडी वापरता यावीत म्हणून पाठीला जोड देतात. मूळ चेन टॅलन, क्राउन, कॉनमार अशा कंपन्यांच्या होत्या. आज कोणी जुन्या साठ्यातली न वापरलेली चेन लावतो, कोणी तशी दिसणारी नवी बनवून घेतो. यातला प्रत्येक बदल समर्थनीय असू शकतो. जुन्या साठ्यातली चेन सुंदर दिसते, पण तुटली तर तशी दुसरी मिळवायला वणवण करावी लागते, हेही त्याच ओळीत सांगावे.

माझ्या डोळ्यांसमोर असलेली जाहिरात साधारण अशी आहे: ‘रफ वेअर कंपनीच्या 1942 सालच्या 27752 क्रमांकाच्या कंत्राटावरून. आमच्याकडील 40 मापाच्या एका मूळ जॅकेटावरून साचे काढले. कातडे घोड्याचे, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले, जाडी 1.1 ते 1.2 मिलिमीटर. मनगटाचे आणि कमरेचे विणीव पट्टे लोकरीचे. अस्तर सुती. चेन नवी, जुन्या टॅलनसारखी दिसणारी, परंतु टॅलनची नाही. लांबी मुळापेक्षा एक इंच जास्त, कारण त्या काळची पँट कमरेत वर बसे आणि आजची खाली बसते. 40 मापाच्या जॅकेटाची काखेपासून काखेपर्यंत रुंदी 21 इंच.’ यात कुठेही भुरळ घालणारा शब्द नाही, आणि तरीही या छंदातल्या माणसाला ते वाचून खिशात हात घालावासा वाटेल, याची मला खात्री आहे.

या जाहिरातीतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘40’ हा आकडा छातीचा, की जॅकेटाचा? काखेपासून काखेपर्यंत सपाट रुंदी 21 इंच म्हणजे घेर 42 इंच. 40 इंची छातीच्या माणसाला आत फक्त दोन इंच मोकळीक राहते. सदऱ्यावर घालायला हे ठीक आहे, जाड स्वेटरवर नाही. म्हणून प्रत्येक मापासाठी छाती, खांदा, बाहीची लांबी आणि पाठीची लांबी ही चार मोजमापे सपाट ठेवून घेतलेली द्यावीत, आणि छायाचित्रातील माणसाची उंची, छाती आणि त्याने घातलेले माप सांगावे. मागे चिमटे लावून आवळलेले जॅकेट घालून समोरून काढलेले छायाचित्र ही सरळ फसवणूक आहे. रंगाचेही तसेच. ‘सील ब्राऊन’ या नावाखाली पडद्यावर काळ्यापासून चॉकलेटीपर्यंत काहीही दिसते, म्हणून एक छायाचित्र उन्हात, एक सावलीत आणि शेजारी सर्वांना ठाऊक असलेल्या रंगाची एखादी वस्तू ठेवून काढावे.

‘लष्करी अटींनुसार’ या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. जुन्या आराखड्याबरहुकूम शिवले, असे म्हणायचे असेल तर तसे म्हणावे. लष्कराने तपासून स्वीकारले, असा भास मात्र निर्माण करू नये. त्या काळी लष्कराचे निरीक्षक तयार मालावर आपला शिक्का उमटवत. आज खासगी कारखान्यात तोच शिक्का अस्तरावर छापला जातो तेव्हा ती फक्त सजावट असते. अमेरिकी हवाई दलाने 1980 च्या दशकाच्या शेवटी ए-2 पुन्हा सुरू केले तेव्हा ते बकऱ्याच्या कातड्याचे होते. म्हणजे ‘हवाई दलाला जसे पुरवले जाते तसे’ आणि ‘1942 मध्ये जसे होते तसे’ ही दोन वेगवेगळी जॅकेटे आहेत. हवाई दलाचे आजचे नाव आणि चिन्ह व्यापारासाठी वापरायला परवानगी लागते, आणि ती असली तरी दल त्या मालाची शिफारस करते असे सुचवता येत नाही.

चिन्हांचा विषय निघालाच आहे, तर युद्धकाळात डिस्नेच्या स्टुडिओने लष्करी तुकड्यांसाठी सुमारे 1,200 बोधचिन्हे काढून दिली होती, हे लक्षात ठेवावे. फ्लाइंग टायगर्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या तुकडीचा पंखांचा वाघ त्यांतलाच. असे चिन्ह जॅकेटावर रंगवून विकण्यापूर्वी हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे लागते. प्रसिद्ध नटाने असे जॅकेट घातले होते म्हणून त्याचे नाव वापरण्याचेही तेच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाव असे वापरू देण्याचा हक्क मृत्यूनंतर 70 वर्षे वारसांकडे राहतो. भारताशी या जॅकेटांचा खरा संबंध येतो तो चीन-ब्रह्मदेश-भारत या आघाडीमुळे. आसाममधील छाबुआसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगला रसद नेणाऱ्या वैमानिकांपैकी अनेकांच्या जॅकेटांवर या आघाडीचे चिन्ह असे, त्यात भारताचा तारा आणि चीनचा सूर्य शेजारी शेजारी. त्यांतली कित्येक चिन्हे इथल्याच कारागिरांनी चामड्याचे तुकडे कापून किंवा जरीच्या तारेने भरून केली होती. आजच्या प्रतिकृतीवर तसे यंत्राने विणलेले चिन्ह लावून ‘भारतात हाताने केलेल्या चिन्हासह’ असे लिहिणाऱ्याने हाताने काम करणाऱ्या कारागिरांवर अन्याय केलेला असतो.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. अमेरिकेत व्यापार आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेची अपेक्षा अशी, की दाव्याला आधार जाहिरात करण्याआधीच हाती असावा. ब्रिटनच्या जाहिरात-संहितेतही कागदोपत्री पुरावा आधीच जवळ ठेवण्याची अट आहे. ‘मेड इन यूएसए’ असे बिनशर्त लिहायचे, तर माल जवळजवळ संपूर्णपणे तिथलाच हवा. कातडे जपानच्या हिमेजीतून आले असेल तर ‘आयात कातड्यापासून अमेरिकेत शिवलेले’ असेच लिहावे लागते. विकत घेतलेल्या किंवा खोट्या अभिप्रायांवर तिथे ऑक्टोबर 2024 पासून स्वतंत्र नियम लागू आहे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथून जॅकेटे शिवून परदेशी ग्राहकांना विकणाऱ्यांनी तर दोन्हीकडचे नियम पाहायला हवेत.

एक नियम या व्यवसायाला विशेष बोचतो. ही जॅकेटे बहुधा मागणी आल्यावर शिवली जातात आणि महिनोन् महिने लागतात. अमेरिकेत दूरून मागवलेला माल पाठवण्याची मुदत सांगितली नसेल, तर ती 30 दिवस धरली जाते; सांगितली असेल तर ती पाळता येईल असे मानायला सबळ कारण हवे; उशीर झाला तर ग्राहकाला कळवून, थांबायचे की पैसे परत घ्यायचे, हे त्याला ठरवू द्यावे लागते. एकट्याने किंवा दोघांनी मिळून शिवणाऱ्या कारागिराने ‘लवकरच’ या शब्दाऐवजी ‘सध्या सात महिने’ असे लिहिणे केव्हाही बरे. सात महिने थांबणारे लोक असतात. ‘लवकरच’ ऐकून सात महिने थांबायला कोणी तयार नसते.

शेवटी जुनवलेल्या मालाविषयी. घासून, रंग उडवून, पट्टे कुरतडून नवे जॅकेट जुने दिसावे असे करण्याचे कौशल्य आता फार पुढे गेले आहे, आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ‘कारखान्यात जुनवलेले’ हे शब्द किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत हवेत. मानेशी जुन्या कंपनीच्या चिठ्ठीची नक्कल शिवली जाते, तेव्हा आतल्या खिशात किंवा अस्तराच्या शिवणीत, सहज उसवता येणार नाही अशा जागी, स्वतःचे नाव आणि शिवल्याचे वर्ष घालावे आणि त्याचे छायाचित्र जाहिरातीत द्यावे. चाळीस वर्षांनी ते जॅकेट खरोखरच जुने झालेले असेल, पहिल्या मालकाच्या घरातून कोणा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेलेले असेल, आणि घेणारा माणूस मानेजवळची चिठ्ठी वाचून झाल्यावर अस्तर उलटून पाहील.